सासूबाईंनी दिलेलं उत्तर

स्पिरिटचा वास आला की मला तळोद्याचा तो दवाखाना आठवतो, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षीचा, साठ-बासष्ट सालचा. सासरे दगडाची जाती, पाटे-वरवंटे घडवायचे. वर्षानुवर्षांच्या दगडी धुळीने त्यांच्या फुप्फुसांवर वण पडले होते. तरी त्यांना खडीच्या खाणीवर कामाला जायचं होतं, आणि मुकादम प्रकृती ठीक असल्याची चिठ्ठी मागत होता. सातवी शिकलेली सून म्हणून मी त्यांच्या आणि सासूबाईंच्या सोबत गेले. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "दिवसभरात काय काय जमतं?" "समदं जमस, साहेब," सासरे ताठ बसून म्हणाले, पण तेवढ्यानेच त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. डॉक्टर सासूबाईंकडे वळले. "यांनी काय काय करायचं सोडलं?" सासऱ्यांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "आंघोय करताना दोनदा बठतस. आनि हासनं सोडी दिन्हं. हासनात का खोकला थांबस नही." डॉक्टरांनी चिठ्ठीवर सही केली नाही. बाहेर येऊन सासरे लिंबाखाली बसले. आता हे भडकणार, म्हणून मी धास्तावले. पण त्यांनी हळूच विचारलं, "मी हासत नही, हाई तुले कसं कयनं?" "दिनभर तुमना तोंडकडेच तं देखस मी," सासूबाई म्हणाल्या. सासऱ्यांनी त्यानंतर छिन्नी हातात धरली नाही. आता मी एकटी राहते, आणि माझं काय काय सुटत गेलं हे सांगणारं घरात कुणी नाही.