एक बूट इकडे, एक तिकडे
चेरीच्या पाकळ्या बुटांना चिकटल्या की मला जपानमधल्या खेड्यातली ती आजी आठवते. ऐन चेरीच्या बहरात, बौद्ध ध्यानशिबिराच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे उतरले होते. देवळाबाहेर ठेवतो तसे, चोराला जोड मिळू नये म्हणून, मी बूट दारात एक इकडे, एक तिकडे ठेवले. तिने ते जवळ आणून ठेवले. मी लांब केले. तिने हसत पुन्हा जवळ आणले. म्हटलं, हिचा डोळा आहे बुटांवर! सकाळी बघते तर ते पुसून, टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवलेले, निघताना मला सहज पाय घालता यावेत म्हणून. मी अगदी वरमले. आज इथे नेदरलँड्समध्ये, द हेगच्या देवळाच्या दारात लेक इंग्रजीत म्हणाली, "आई, इतके जुने बूट कोण नेणार?" मी तिचाही एक बूट उचलून पलीकडे ठेवला.