भोंग्याचा खोकला

त्याला सगळे भोंगा म्हणत आणि ते त्याला आवडायचं. उभं आयुष्य त्याने धक्क्यावर ओरडण्यात घालवलं होतं. कुठली बोट लागली, कुठली सुटतेय, कोणाचं पोर चुकलंय, कोणाची पिशवी बाकावर राहिलीय, सगळं तो धक्क्याच्या टोकाला उभा राहून नुसत्या गळ्यावर सांगायचा. आणि उधाणाच्या भरतीला समुद्र रस्त्यावर चढायला लागला की गल्ल्यागल्ल्यांतून एकच हाळी देत फिरायचा, "पाणी आलं होऽऽ, वर चढाऽऽ!" ती कानावर पडली की हातातलं टाकून माणसं जिन्याकडे पळत. असा आवाज होता बघा त्याचा, दगडाला जाग आणणारा.

मग प्रगती झाली. धक्क्यावर कर्णे बसले आणि भरतीचा इशारा थेट लोकांच्या फोनवर यायला लागला. कुठल्या गल्लीत पाणी किती चढणार, हे सगळं आधीच! भोंग्याच्या हातात नारळ दिला. इशारा एकदा तरी चुकेल म्हणून तो टपून बसला होता, पण मेला कधी चुकलाच नाही.

नोकरी गेली आणि खोकला आला. साधासुधा नाही. उबळ सुरू झाली की शेजारचे हातातला चहा खाली ठेवायचे. आवाज मात्र शाबूत होता, आणि तो वाया जाऊ नये म्हणून घरात नात होती. टिकली म्हणायचे तिला, एवढुशी होती म्हणून. भोंगा खुर्चीत बसायचा, हळूच म्हणायचा, "पाणी आलं हो, वर चढा," की टिकली त्याच्या पावलावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून मांडीवर आणि मांडीवरून थेट खांद्यावर. तिथून ती घरभर बघायची आणि खिदळायची. दिवसातून कितीदा हे चालायचं ते विचारू नका. त्याची बायको कधीच गेली होती, मित्र धक्क्याबरोबर सुटले होते. त्या खांद्यावरच्या ओझ्याखेरीज म्हाताऱ्याकडे दुसरं काही नव्हतं.

घर दोन मजली, पण दुमजली म्हणून मिरवण्यात अर्थ नव्हता. खालच्या खोलीत दर उधाणाला पाणी शिरायचं. भिंतीवर खिडकीच्या उंचीपर्यंत मिठाची पांढरी रेघ उमटलेली, पोपडे धरलेले. तिथे एक जुनी कॉट आणि गंजलेली पेटी सोडून काहीच ठेवत नसत. सगळा संसार वरच्या दोन खोल्यांत, आणि वर जायचा जिना बाहेरून, गल्लीतून. मुलगा बंदरात क्रेन चालवायचा. सून घरीच मशीनवर शाळांचे गणवेश शिवायची.

सुनेला दोष देऊ नका. म्हणजे द्या, पण जरा दमाने. टिकली जन्मली तेव्हा तिची फुफ्फुसं कच्ची होती, काचेच्या पेटीत ठेवलं होतं तिला. सून त्या काचेला नाक लावून उभी असायची आणि आत छाती वर होते की नाही ते बघायची. त्यानंतर ती बाई कोणी नुसतं शिंकलं तरी दचकायची. सासऱ्याच्या खोकल्यानेही दचकायची, म्हणून तिनेच त्याला दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. "छाती स्वच्छ आहे तुमची," ते म्हणाले. "रोग नाही, कोणाला काही लागायची भीती नाही. घशातल्या नसा चिडक्या झाल्यात. ओरडलात ना जन्मभर!" तेवढ्यात भोंग्याला उबळ आली, आणि शेजारच्या खोलीतून एक बाई धावत आल्या. घाबरून नाही हो, खूश होऊन. खोकताना माणसाच्या तोंडातून थेंब कसे उडतात, किती लांब जातात, हवेत किती वेळ लोंबकळतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यांना एक निरोगी खोकणारा हवा होता आणि कितीतरी महिने चांगला खोकला मिळत नव्हता. भोंग्याने त्यांचं नाव ठेवलं लेझरवाल्या बाई.

त्यांच्या संस्थेत मग तो जायला लागला. अंधारी खोली, मधोमध लेझरच्या हिरव्या उजेडाची चादर ताणल्यासारखी, समोर कॅमेरा. "आता," बाई म्हणायच्या, की हा खोकायचा. पहिल्याच खेपेला बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं. धक्का सुटल्यापासून त्याच्या गळ्याला कोणी वा म्हटलं नव्हतं. म्हातारा हवेत तरंगतच घरी आला.

त्याच संस्थेत शेजारच्या दालनात अख्खं गाव लाकडाचं करून ठेवलं होतं, त्यात समुद्र सोडून बघायचे. गच्चीवर ते भरतीचे इशारे फोनवर पाठवायच्या ताटल्या. भोंगा येता-जाता त्या लाकडी गावात आपली गल्ली शोधायचा. घर सापडलं त्याला, काड्यापेटीएवढं. जिनासुद्धा होता. माणसं तेवढी नव्हती.

आता ऐका, इथे गाढवपणा झाला. लेझरवाल्या बाईंनी कौतुकाने त्याच्या सगळ्यात भारी खोकल्याचा फोटो मोठा करून, चौकट घालून त्याला भेट दिला. आणि भोंग्याने तो घरी आणून वरच्या खोलीत, खुर्चीच्या बरोबर वर, खिळा ठोकून लावला. टिकली खुर्चीच्या हातावर बसून बघत होती. फोटोत काळ्या अंधारात त्याचा चेहरा, आ वासलेला, आणि तोंडातून फुटलेला हिरवा लोट, कणाकणाने चमकणारा, फोटोच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन धडकलेला.

"हे काय आहे, बाबा?" सुनेने मशीन थांबवलं.

"माझा खोकला!"

"एवढा?"

"ह्याहून मोठा! चौकटीत मावला नाही म्हणाल्या बाई. आणि हे बारीक दिसतायत ना, हे खालीच पडत नाहीत. तू आत जाऊन चहा करून येशील, तोवर हे आपले इथेच!" असं म्हणून त्याने टिकलीच्या डोक्यावर हवेत हात फिरवून दाखवलं.

सून उठली, टिकलीला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली. संध्याकाळी खालची कॉट झाडली गेली.

"अगं, रोग नाही त्यात, डॉक्टरांनी तपासलंय," भोंगा म्हणाला. "नुसते थेंब आहेत."

"थेंब तर आहेत ना?"

त्याने मुलाकडे बघितलं. मुलगा बंदरात डोंगराएवढे कंटेनर उचलायचा, पण घरात त्याला मान वर उचलता येत नव्हती. "थोडे दिवस, बाबा," तो चपलांकडे बघत म्हणाला. "तिचं मन शांत होईस्तोवर." सुनेने फोटोही काढून हातात दिला. "हाही न्या, बाबा. तुमचाच आहे."

तर भोंगा खाली आला. फोटो मिठाच्या रेघेवर टांगला. जेवणाचं ताट जिन्याच्या खालच्या पायरीवर यायचं, ते ठेवणारी वर गेल्यावर त्याने उचलायचं. टिकली वरच्या कठड्याला लोंबकळून विचारायची, "आबा, तू खाली का राहतोस?" तो म्हणायचा, "बोट लागायचीय, वाट बघतोय." मग आत जाऊन उशीत तोंड खुपसून खोकायचा, वर ऐकू जाऊ नये म्हणून. पण सुनेला भिंतीतून, गादीतून, मशीनच्या खडखडाटातूनही तो खोकला कळायचा. लगेच वरची खिडकी धाडकन लागायची.

शेवटी तो डॉक्टरांपुढे जाऊन बसला. "खोकला काढा. काय वाट्टेल ते करा."

नव्या गोळ्या निघाल्या होत्या, चिडलेल्या नसा गप्प करणाऱ्या, अजून माणसांवर तपासत होते. "तोंडाची चव जाईल कदाचित," डॉक्टरांनी बजावलं. भोंग्याने गोळी तिथेच पाण्याबरोबर घेतली.

चव गेली. भात म्हणजे ओला कागद, चहा म्हणजे गरम पाणी. पण खोकलाही गेला! समूळ गेला. सुनेने आठवडाभर कान लावून खात्री केली, आणि एका रविवारी त्याला वर बोलावलं. दाराजवळ खुर्ची ठेवली होती. टिकली लांबून बघत बघत जवळ आली आणि तिने त्याच्या पावलावर पाऊल ठेवलं. सून बघत होती, पण अडवलं नाही. निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी कॉट वर घेऊ, बाबा." भोंगा जिन्यावरून उतरला तो गुडघे दुखायचे विसरून.

आता गप्प घरी बसावं की नाही माणसाने? पण नाही. लेझरवाल्या बाईंचा निरोप घ्यायला गेला. बाईंचा चेहरा पडला. "बरं झालं हो तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या, "पण असा खोकला आता कुठून आणू?" भोंग्याला ते बघवेना. आणि खरं सांगायचं तर त्याला त्या 'वा'ची चटक लागली होती. जिभेची चव गेली तरी ही कुठली जायला!

"खोकला नाही तर नाही," तो म्हणाला. "ओरडून दाखवू?"

हिरवा उजेड लागला. भोंग्याने छाती भरून घेतली आणि हाळी दिली, "पाणी आलं होऽऽ, वर चढाऽऽ!" बाई थक्क झाल्या. खोकल्याच्या तोंडात मारेल असा लोट होता तो! त्यांनी ती फिल्म आवाजासकट जगाला दाखवली, खाली लिहिलं की नुसतं मोठ्याने बोलण्यातूनही थेंब असेच उडतात आणि असेच तरंगत राहतात. जग फोनवर बघतच होतं. बंदरातल्या क्रेनवाल्यांनी ती मुलाला पाठवली, "तुझा बाप झळकला रे!" म्हणून. मुलाने घरी दाखवली.

सुनेने ती पुन्हा पुन्हा बघितली. रविवार उजाडला होता, भोंगा पेटी आवरून जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. "म्हणजे बोलतानाही उडतात," सून वरून हळूच म्हणाली.

"अगं बये, सगळ्यांचेच उडतात!" भोंगा कळवळून ओरडला. "तुझेही उडतात!"

ओरडला, इथेच चुकलं. ती दोन पायऱ्या मागे सरली आणि तिने टिकलीला पाठीशी घेतलं. कॉट खालीच राहिली.

टिकलीने रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा सुनेने तिच्या हातात आपला फोन दिला. त्यात ती फिल्म होती. "ह्या आबाशी खेळ, राणी," ती लाडाने म्हणाली. "फोनमधल्या आबाचं काही उडत नाही." पोरंच ती, रमली. बोट लावायची, फोन हाळी द्यायचा, की ही पलंगावर चढायची आणि उडी मारायची. पुन्हा बोट, पुन्हा हाळी. खाली भोंगा कॉटवर पडून दिवसभर स्वतःलाच ऐकत बसायचा, आणि वर चढणाऱ्या पावलांचा धपधप आवाज ऐकायचा.

मग उधाण आलं. पूर्वी अशा दिवशी खाली कोणी नाही हे आधी बघायचे आणि मग खालच्या दाराला बाहेरून कमरेएवढी फळी बसवायचे, पाणी अडवायला. ह्या खेपेला मुलाने तो आत असतानाच फळी बसवली. "वर नको आत्ता, बाबा, ती चिडेल," तो खिडकीच्या गजांतून म्हणाला. "फळी घट्ट आहे. आत थेंब येणार नाही." आणि कामावर गेला. तिथे फोन कपाटात ठेवावा लागायचा. फळी बसली की दार आतून उघडत नसे, पण बाप तसा कुठे जाणार होता?

दुपारी संस्थेच्या गच्चीवरून इशारा निघाला, की ह्या गल्लीत पाणी फळ्यांच्या वर जाईल, खाली कोणी थांबू नये. चुकला नाही ह्याही वेळी. भोंग्याकडे फोनच नव्हता, सुनेच्या फोनवर मात्र बरोबर पोहोचला. पण फोन टिकलीच्या हातात होता, आणि इशाऱ्याचा चौकोन आबाच्या तोंडावरच आला. तिने अंगठ्याने तो बाजूला सारला आणि आबाला पुन्हा बोलायला लावलं.

पाणी आधी दाराच्या फटींतून आलं, मग फळीवरून धो धो. पेटी बुडाली. भोंगा कॉटवर उभा राहिला, आणि सांगितलं तर खोटं वाटेल, पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. आता तरी वर घ्यावंच लागेल! शिवाय हाळी द्यायला खरं कारण मिळालं होतं, इतक्या वर्षांनी. त्याने खिडकीचे गज धरले आणि जीव ओतून हाळी दिली, "पाणी आलं होऽऽ, वर चढाऽऽ!"

वर मशीन थांबलं.

"टिकले, बंद कर तो फोन! डोकं उठलंय माझं!"

"मी नाही लावला, आई."

भोंग्याने पुन्हा हाळी दिली, पहिल्याहून मोठी. वर पाठीत धपाटा घातल्याचा आवाज आला. "वर तोंड करून खोटं बोलतेस?" टिकलीने भोकाड पसरलं. भोंग्याने काठीने गज बडवले, पण वारा गल्लीतले सगळेच पत्रे बडवत होता. मशीन पुन्हा सुरू झालं.

पाणी कॉटवर चढलं, मग त्याच्या गुडघ्यांवर. भिंतीवरची चौकट सुटून तरंगायला लागली, हिरवा लोट वर करून. तो फोटो बघता बघता भोंग्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोनमधला आबा खोकत नाही! हाळीने तिला काय कळणार, हाळी तर दिवसभर चालते. पण खोकला ती कुठूनही ओळखते. एकदा खोकला की झालं. एकदाच. ती खिडकी लावायला तरी उठेल, आणि खाली बघेल.

त्याने छाती भरून घेतली, तोंड वर केलं आणि खोकला. म्हणजे खोकायला गेला. नुसती हवा बाहेर आली. त्याने छातीवर बुक्क्या मारल्या, घशात बोटं घातली, खारं पाणी ओंजळीने ओढून घेतलं. काही नाही. घसा अगदी स्वच्छ, लहान मुलासारखा. गोळ्या फार चांगल्या निघाल्या होत्या.