सुनंदा गाडीत चढली का?

गेल्या वर्षी एका दुपारी आमच्या घरात बेचाळीस मराठी कादंबऱ्या आल्या आणि त्यांतल्या एकीलाही शेवट नव्हता.

त्या मी आणल्या होत्या. बाबा रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवर नागपूरला गेले की पिशवीभर कादंबऱ्या आणायचे आणि संध्याकाळी हुडको वसाहतीतल्या घराच्या ओसरीत आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. (आईला वाचता येतं. पण बाबांच्या आवाजाशिवाय तिला ते पुस्तक वाटत नाही.) मग बाबांना बारीक अक्षर दिसेनासं झालं, वाचन थांबलं, आणि दोघं टीव्हीसमोर गप्प बसू लागले. मला ते बघवेना.

मी रसमड्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते, त्यामुळे घरातली सगळी यंत्रं माझ्या अखत्यारीत. मी ई-रीडर मागवला, अक्षरं बोटभर मोठी केली. आमच्या या हिंदी मुलखात, पावर हाउसच्या बाजारात मराठी कादंबरी शोधून मिळत नाही. ई-पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात मात्र ढीग! प्रत्येक पुस्तकाखाली दोन बटणं, एक विकतचं, एक फुकटचं. विकत घेणाऱ्यांची मला कीव आली. मी फुकटचं बटण बेचाळीस वेळा दाबलं.

पहिल्या संध्याकाळी सुनंदा नावाची नायिका घर सोडून वर्ध्याच्या फलाटावर आली. गाडी आली. बाबा थांबले.

"मंग?" आई म्हणाली.

"मंग काई नाई. संपलं."

"संपलं? सुनंदा गाडीत चढली का नाई?"

"आई, आजकालच्या साहित्यात असंच असते," मी म्हणाले, आणि मुक्त शेवट या विषयावर दहा मिनिटं बोलले.

दुसऱ्या दिवशी आईच्या हट्टापायी बाबांनी सुनंदा पुन्हा उघडली, तर आत शेवट निघाला! वर्ध्याच्या स्टेशनमास्तरांनी सुनंदाला चहा पाजला आणि चौकशीच्या खिडकीवर नोकरी लावून दिली. आईने डोळे पुसले. पानं उशिरा डाउनलोड झाली असतील, असं मी जाणकारपणे सांगितलं. मग सगळ्याच कादंबऱ्यांना शेवट येऊ लागले. खुनी डोंगरगडला उतरताना सापडला. दुरावलेले भाऊ गोंदियाला भेटले. प्रत्येक शेवटात गाडी वेळेवर येत होती, हे मला खटकायला हवं होतं.

एका रविवारी मी स्वतः वाचायला बसले. विसाव्या पानावर लिहिलं होतं: 'नमुना समाप्त. पुढे वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्या.' बेचाळीसही पुस्तकांत तेच. मी बाबांना अंगणात गाठलं.

"मले पयल्याच दिवशी दिसलं होतं," बाबा शांतपणे म्हणाले. "अक्षरं तूच तं मोठी करून देली होती."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"तू आईले साहित्य समजावून सांगून राहिली होती. मधात कुठं बोलू?"

मला लाज वाटली, आणि बाबांवर इतकं प्रेम आलं की मी त्याच मिनिटाला अख्खी सुनंदा विकत घेतली. बाबांनी चार संध्याकाळी ती शेवटपर्यंत वाचली. सुनंदा गाडीत चढली, पुण्याला गेली आणि तिथे खिडकीत बसून दीडशे पानं विचार करत राहिली.

"स्टेशनमास्तर कुठं गेले?" आईने विचारलं.

"आई, ते... यात नाहीत."

"पैसे देऊन खराब करून आणली," आई मला म्हणाली. "वापस कर. फुकटवालीच बरी होती."

बाबांनी चष्मा पुसला आणि माझी बाजू घेतली.

"जाऊ दे वो. आजकालच्या साहित्यात असंच असते."