‘शेजारी’ विषयाचा आठवडा

पांढुर्ण्याच्या कॉलेजात आम्ही सहा-सात मैत्रिणी होतो. लग्नं झाली तशा पांगलो. कोणी नागपूर, कोणी छिंदवाडा, एक लोधीखेड्याला, मी सौंसरला. फोनवर आमचा ग्रुप होता, पण त्यात कित्येक वर्षं सकाळचे गुलाब आणि वाढदिवसाचे केक यापलीकडे काही येत नसे. मग एका सोमवारी लोधीखेड्याच्या मैत्रिणीनं, ती शाळेत शिकवते, हुकूम सोडला : ‘या आठवड्याचा विषय पिवळा. प्रत्येकीनं एकच फोटो टाकायचा, तोही याच आठवड्यात काढलेला. रविवारी संध्याकाळपर्यंत. जुना फोटो टाकणारी बाद.’

सुरुवातीला आम्ही हसलो. पण त्या आठवड्यात मला जिकडे तिकडे पिवळंच दिसायला लागलं. मी नगरपालिकेत नोकरीला. टँकरची वाट पाहत रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या पिवळ्या डब्यांची रांग मी रोज पाहायची, पण ‘पाहिली’ त्या दिवशी. बाकीच्यांनी हळद आणि झेंडू टाकला होता.

पुढं सवयच जडली. ‘गर्दी’ आली तेव्हा शनिवारी जामसांवलीला जाऊन मंदिराबाहेर पडलेल्या चपलांचा फोटो काढला. ‘गोल’साठी माहेरी गेले आणि मंडीत संत्र्यांच्या ढिगाशी बसून लहान-मोठं फळ वेगळं करणाऱ्या बाया टिपल्या. ‘वाट पाहणं’ला रामाकोन्याच्या स्टेशनवर गेले, तर बाकावर कोणीच नव्हतं. तोच रिकामा बाक टाकला. त्याला सगळ्यात जास्त पसंती मिळाली, का ते अजून कळलेलं नाही. ऑफिसमधून घरी येताना स्कूटी कुठंही थांबायची. नवरा म्हणायचा, “दूध आणाले गेली का फोटो काढाले?”

मग एका सोमवारी विषय आला : शेजारी.

आमच्या घराच्या एका बाजूला रिकामा प्लॉट. दुसऱ्या बाजूला मावशी. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणते. मधे कमरेइतकी भिंत. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सांगितलं होतं, “तिकडं बोलाचं नाही.” का, ते सांगितलं नाही आणि नव्या सुनेनं विचारलंही नाही. माझा मुलगा शाळेत जायला लागला तरी भिंतीपलीकडे मी ‘जयभीम’सुद्धा म्हटलेलं नव्हतं.

ग्रुपात मी विचारलं, शेजारची भिंत चालेल का? लोधीखेड्याची मैत्रीण म्हणाली, “भिंत शेजारी असते का? माणूस पाहिजे.”

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई दळण घेऊन गेल्या होत्या. मावशी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी भिंतीशी गेले.

“जयभीम मावशी. तुमचा एक फोटो काढू का?”

तिनं मान वर केली. “जयभीम. कायले?”

मी विषय, ग्रुप, रविवार, सगळं एका दमात सांगितलं. तिला किती समजलं देव जाणे. “थांब, लुगडं बदलून येतो,” म्हणून ती आत गेली. निळं लुगडं नेसून आली आणि पासपोर्ट फोटोला बसावं तशी ताठ बसली. मी दोन-तीन फोटो काढले. निघताना मला राहवलं नाही.

“मावशी, तुमचं अन् आमच्या आईचं काय झालं होतं?” सासूबाईंना मी आईच म्हणते.

“तुह्याच लग्नाचं तं झालं,” ती शेंगांकडे पाहत म्हणाली. “पत्रिका पोट्टं देऊन गेलं. आम्ही दोघी एकाच सालात या गल्लीत आलो. एका वावरात जन्मभर कापूस वेचला. तिच्या पोराचं लग्न, अन् तिनं दाराशी येऊ नये?”

माझ्या लग्नाचं! इतकी वर्षं मी त्या अबोल्याच्या मधोमध राहत होते आणि मला पत्ता नव्हता.

रात्री जेवण झाल्यावर मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. रागावतील असं धरूनच चालले होते. त्यांनी चष्मा पुसला, फोन जवळ नेला, लांब धरला.

“म्हातारी झाली थे,” शेवटी म्हणाल्या. मग, “पण हा फोटो बरोबर नाही.”

“का?”

“तिच्या डाव्या गालावर खळी पडते. थे कुठी दिसून राहिली?”

“त्या हसल्याच नाहीत, आई.”

“हासवल्याबिगर कशी दिसन?” त्या चिडून म्हणाल्या. मग पत्रिकेचं मी विचारलं तेव्हा आणखी चिडल्या. “घरच्या माणसाले बोलावणं लागते का? लग्नाच्या दिवशी मी तिची वाट पाहून राहिलो होतो. माह्याबिगर हळद वाटली तिच्या पोरीची, तं मी रुसलो होतो का?”

शुक्रवारी मी ऑफिसमधून आले तर सासूबाई पायरीवर तयार बसलेल्या. “चाल, फोन घे.” भिंतीला वळसा घालून त्या पुढं, मी मागं. मावशीनं आम्हाला फाटकात पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. मी फोन वर धरला, पण कोणाकडे धरायचा तेच कळेना.

मग सासूबाई म्हणाल्या, “कापसाच्या ओटीत सरडा निघाला होता, ध्यानात हाय का?”

मावशी पाहतच राहिली.

“वेचलेला कापूस सारा फेकून पाटलाच्या बैलबंडीवर चढली होती तू!”

“मी? मी नाही चढलो! तू चढली होती! मी तं सरडा हाकलत होतो!”

“खोटं नको बोलू वो!”

आणि मावशी हसली. खळी पडली, खरंच डाव्या गालावर. मी बटण दाबलं, पण तोवर ती हसता हसता सासूबाईंचा दंड धरायला पुढं आली होती आणि फोटो हलला. दुसरा काढायचं मला सुचलं नाही. त्या दोघी सरड्यावरून भांडत ओसरीत जाऊन बसल्या होत्या, आणि मावशी मला चहा ठेवायला सांगत होती, तिच्या स्वयंपाकघरात, जणू मी रोजच येते.

रविवारी मी तो हललेलाच फोटो टाकला. ‘फोकस नाही,’ नागपूरच्या मैत्रिणीनं लिहिलं. त्या आठवड्याचा सगळ्यात आवडता फोटो म्हणून निवड झाली ती छिंदवाड्याच्या मैत्रिणीनं टिपलेल्या एका बोक्याची.

आमचा खेळ आणखी वर्षभर चालला असेल. मग कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीची बारावी आली, एका सोमवारी विषय आला नाही आणि कोणी विचारलंही नाही. ग्रुपात परत गुलाब यायला लागले. ते दिवस आठवले की वाटतं, आठवड्याला एक शब्द हातात होता तेव्हा हे गाव मला जास्त मोठं वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात मावशीला तिच्या मुलानं नागपूरला नेलं. तिच्या घरी आता भाडेकरू आहेत. संध्याकाळी मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून देते. कितीदा समजावलं तरी दोघीही फोन कानालाच लावतात. पडद्यावर इकडे एक कान, तिकडे एक कान, आणि बोलणं मात्र जोरात चाललेलं असतं.