माझ्या नावावर भाऊंचं बोट

सगळ्यात आधी दत्तूभाऊंचं नाव लिहितो, कारण ते नसते तर हे टाइप करायला माझी दहा बोटं नसती. भाऊ इथल्याच बेडसे गावचे. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटलेली. इकडे नवीन आलो तेव्हा बेगडेवाडी स्टेशनाजवळ खोली त्यांनीच बघून दिली, पत्रा दाबून कापायची प्रेस मशीन चालवायला त्यांनीच शिकवलं. भूतबाधा, उतारा असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात कोणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. आताही भूत म्हणत नाही. काय म्हणायचं तेच कळत नाही...

आमची कंपनी तळेगावच्या बाजूला, पत्र्याचे पार्ट बनवते. मागच्या वर्षी तिथं कामगारांचे हात मोजायला एक मॅडम आल्या. त्या मापांवरून बटणं, गार्ड, हातमोजे बदलणार होते — आमच्या भल्यासाठीच. पण कारखान्यात अफवा उठली, ज्यांचे हात लहान त्यांना प्रेसवरून काढणार. माझे हात बारीक. इथून काढलं तर आठवी शिकलेल्याला दुसरीकडे कोण घेणार, या काळजीने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

भाऊंचं माप आदल्या दिवशीच झालं होतं. माझ्या पाळीला ते म्हणाले, "तू हितंच थांब. तुज्या नावानं मी हात देतो."

"ओळखतील की, भाऊ."

"त्या हात बघत्यात. त्वांड कोण बघतंय आपलं?"

टोपी-मास्क लावून, माझं कार्ड घेऊन ते रांगेत लागले. मी बाजूला ट्रॉली धरून उभा. मॅडमनी डिजिटल व्हर्नियर, म्हणजे आकडा दाखवणारा मापाचा चिमटा, लावला. उजवा हात नीट भरला. मग डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट... आकडा आला एकतीस मिलिमीटर. बोट तर नखापर्यंत पूर्ण होतं. आदल्या दिवशी भाऊंच्या नावावर हेच बोट चौऱ्याहत्तर भरलेलं. मॅडमनी परत लावला. एकतीस. स्वतःचं बोट मोजून बघितलं, ते बरोबर आलं. भाऊंचं तिसऱ्यांदा मोजलं — एकतीसच.

मागून आमच्याच शिफ्टचा गणप्या म्हणाला, "बाकीचं घरी ठिवून आला का काय?" रांग हसली. मॅडमही हसल्या, "नंतर चेक करू" म्हणाल्या आणि एकतीस लिहून पुढचा हात घेतला.

भाऊ त्या दिवशी चहाला आले नाहीत.

दोन दिवसांनी, सकाळची शिफ्ट. माझ्या नावावर चार नंबरची प्रेस, भाऊंकडे सहा नंबर. ते आपली मशीन सोडून माझ्यापाशी आले.

"ऊठ."

"का, भाऊ?"

"बोट माजं मोजलंय, पर नाव तुजं लागलंय. कुणाचं जाईल सांगता येत न्हाई. तुजं लगीन व्हायचंय अजून."

"मग दोघंही आज सुट्टी टाकू."

"आन उद्या? परवा? ऊठ म्हंतो ना."

मी उठलो. एकदाही नको म्हणालो नाही, हे पण इथं लिहून ठेवतो.

आमची प्रेस दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच खाली येते. काम लवकर व्हावं म्हणून आम्ही एका बटणात काडी अडकवून ठेवायचो. भाऊंनी बसल्या बसल्या ती काडी काढून खिशात टाकली. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, बाहेर. मी समोर होतो, मी बघितलं. तरी प्रेस खाली आली तेव्हा बोट आत होतं. मेकॅनिकने मशीन पूर्ण तपासली. मशीन ठीक होती.

आठ दिवसांनी ऑफिसात बोलावलं. साहेबांपुढं दोन कागद होते. भाऊंच्या हाताला बँडेज.

"रजिस्टरला चार नंबरवर विठ्ठल आहे," साहेब म्हणाले. "आणि विठ्ठलचं डावं बोट सर्व्हेत आधीपासूनच एकतीस आहे. मग चार नंबरवर नवीन काय तुटलं? आणि दत्तू, तू होतास सहावर. सहावर तर काहीच झालं नाही. घरी लाकडं फोडताना गेलं का रे?"

विठ्ठल म्हणजे मी. तिथंच उभा होतो, हात पाठीमागे धरून. साहेबांनी हात दाखव म्हटलं नाही. मीही दाखवला नाही. दाखवला असता तर माप कोणी दिलं ते निघालं असतं, दोघंही बाहेर. भाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. मग साहेबांना म्हणाले, "व्हय. घरीच गेलं."

कंपनीच्या कागदावर अपघात झालाच नाही. मशीन सोडून फिरल्याबद्दल भाऊंना कामावरून बंद केलं, मला ठेवलं. आता ते लोणावळ्याला एका बंगल्याचं गेट उघडतात. बँडेज सुटलं त्या दिवशी मी बेडशाला गेलतो. त्यांच्या मुलीने शाळेची पट्टी लावली — तीन सेंटिमीटर आणि वर एक रेघ. भाऊ हसले. म्हणाले, "मॅडमचं माप बराबर व्हतं म्हनायचं."

तो आकडा दोन दिवस आधी कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. माझं स्वतःचं बोट मी अजून मोजलेलं नाही.

भाऊ, तुमचं हे मी फेडणार. एक दिवस साहेबांच्या टेबलावर माझा डावा हात ठेवीन आणि त्या कागदांवरचं माझं नाव खोडून तुमचं लिहायला लावीन. फक्त यंदा बहिणीचं लग्न आहे, नोकरी हातची घालवता येत नाही... ते झालं की नक्की.