छत्रीसमोरचा माणूस

सासूबाई धारवाडहून राहायला आल्या. त्यांच्या कानांवर कानडी पडावं म्हणून मी गच्चीवरची डिशची मोठी छत्री फिरवायला घेतली. खालून बायको सांगायची, "आलं... गेलं." मी नट आवळायला पुढे झालो की चित्र जायचं, वैतागून चहाला खाली उतरलो की सासूबाई टीव्हीसमोर खुशीत हसत बसलेल्या. असं चारदा झालं. आकाशाचं माझ्याशी काय बिनसलंय, कळेना. शेवटी बायको वर आली, क्षणभर बघत राहिली. म्हणाली, "अहो, छत्रीच्या तोंडासमोर काय उभे राहताय?" मी बाजूला झालो. खालून लगेच कानडी गाणं ऐकू आलं. आजवर आणखी कुणाकुणासमोर मी असा मदतीला उभा राहिलो असेन? नट अजून ढिलाच आहे.