मीठ सापडत नाही

आमच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, किस्से वाळत घालावे लागत नाहीत. आपोआप वाळतात, आणि एकाला हात लावला की सगळी शिंकायला लागतात! शेठनं रोजच्या सुविचारासाठी फळा टांगला आणि खडू दिला माझ्या हाती. मी चौथी पास, तेही गुरुजी कंटाळले म्हणून. सुविचार आणू कुठून? म्हटलं, सगळ्यांच्या पोटात असतं आणि ओठावर येत नाही, तेच लिहू.

*

पहिल्या दिवशी लिहिलं, "चहात दूध असते, अशी अफवा आहे."

चहावाल्या जिजामावशी तरातरा आल्या. "कोणी लिखं हाई? मुडदा बशिवला त्याना!"

"सुविचार शे, मावशी."

दुसऱ्या दिवशी चहा पांढरा!

*

मग लिहिलं, "शेठचे नवे जाकीट छान आहे, असे आपण सगळे खोटे बोललो."

शेठनं फळा वाचला. सकाळी जाकीट वॉचमनच्या अंगावर! वॉचमन अजून माझ्याशी बोलत नाही.

*

मग आला सुपडूआप्पा, आमचा हमाल. दोन पोती एकदम उचलतो, पण बायकोला 'घरी चल' म्हणायला जीभ उचलत नाही! ठेचा तिखट झाला म्हणाला, म्हणून भिकाबाई रुसून रनाळ्याला बहिणीकडे जाऊन बसलेली. मिरचीचा हमाल, आणि ठेचा तिखट! कामाला मात्र ती रोज याच पथारीवर.

आप्पा कानाशी येऊन म्हणाला, "बापू, लिखी दे. घरमा मीठ सापडी नही ऱ्हायनं."

लिहिलं. भिकाबाईला वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचलंही.

ती मान वर न करता म्हणाली, "लिख, डबामा शे."

आप्पालाही वाचता येत नाही. दोघं समोरासमोर बसलेली, आणि मध्ये मी खडू घेऊन!

"डबा सापडी नही ऱ्हायना."

"फळीवर शे."

"फळी पडी गयी."

"ठोकी ले!"

आठवडाभर हेच. काम सोडून सगळी फळ्यापुढे. शेठसुद्धा म्हणाला, "अरे, खिळे आहेत का विचारा त्याला!"

*

शेवटी मीच वैतागलो. "आप्पा, खरं काय ते सांग, लिहून टाकतो."

"खरं लिखाले लाज वाटस, बापू," म्हणाला आणि उठला.

भिकाबाई मिरची निवडत होती. चांगली उजवीकडे, डागाळलेली फटकी डावीकडे. आप्पा गेला आणि फटकीच्या ढिगात मांडी घालून बसला.



भिकाबाईनं त्याला पुढून पाहिलं, त्याची मान वळवून मागून पाहिलं. मग कॉलरला धरून उठवलं आणि उजवीकडच्या ढिगावर नेऊन बसवलं.

शेठ ओरडला, "त्या ढिगाचं आज वजन करू नका रे!"